सल्लागार कंपनी, कंत्राटी तज्ज्ञ आणि ब्रिटिश प्राप्तिकर

ब्रिटनमधील एखाद्या मोठ्या बँकेत वा विमा कंपनीत संगणक-प्रणाली लिहिणारा वा तपासणारा तज्ज्ञ वर्षानुवर्षे काम करीत असतो. परंतु त्या बँकेच्या पगारपत्रकावर त्याचे नाव नसते. बँक पैसे देते ते मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीला. एजन्सी ते एका छोट्या मर्यादित कंपनीकडे सुपूर्द करते. आणि ह्या कंपनीचा भागधारक, संचालक व कामगार अशा तिन्ही नात्यांनी तो तज्ज्ञच तिच्यात वावरत असतो. कंपनीच्या नावापुढे बहुधा ‘कन्सल्टन्सी’ हा शब्द असतो. एकाच माणसाच्या श्रमाचे मोल असे तीन हातांतून फिरून त्याच्याच हाती का पडावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकास साहजिकच पडेल. त्याची दोन उत्तरे रूढ आहेत. करखात्याच्या मते हा करचुकवेगिरीचा एक सभ्य प्रकार होय. कंत्राटी तज्ज्ञांच्या मते हा उद्योजकतेचा आविष्कार असून त्यावर सरकारची वक्र दृष्टी पडली आहे. परंतु कायद्यांचा क्रम तपासून पाहिला असता असे दिसते की, ही एकमाणशी सल्लागार कंपनी बहुतांशी कायद्यानेच घडविली. १९७५ साली एक तरतूद झाली व तिच्या दडपणाखाली व्यवहाराने कंपनीचा आकार घेतला. त्या आकारावर १९९९ साली दुसरी तरतूद चालून गेली, तेव्हा व्यवहार तिसऱ्या आकारात शिरला. ज्या कारणाने हे सर्व घडत होते ते मात्र जागचे हलले नाही.

ते कारण समजण्यास थोडे मागे जावे लागते. १८०३ साली ॲडिंग्टनने प्राप्तिकराची रचना अ पासून इ पर्यंतच्या पाच अनुसूचींत केली. व्यापार व व्यवसाय ह्यांपासूनचे उत्पन्न ‘ड’ अनुसूचीत आणि सरकारी पदांचे वेतन ‘इ’ अनुसूचीत पडे. खाजगी नोकरीचे वेतन १९२२ पर्यंत बव्हंशी ‘ड’ मध्येच होते, ते त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने ‘इ’ मध्ये नेले. हा बदल वरवर कारकुनी स्वरूपाचा होता. परंतु दोन्ही अनुसूचींचे नियम मुळातच भिन्न असल्याने त्याचे परिणाम दूरवर पोहोचले. व्यावसायिकास आपल्या धंद्यासाठी ‘संपूर्णतः व केवळ’ झालेला खर्च वजा करता येई. नोकरास तोच खर्च वजा करण्यासाठी ‘संपूर्णतः, केवळ व अनिवार्यपणे’ अशी तिहेरी कसोटी पार करावी लागे. ‘अनिवार्यपणे’ ह्या एका शब्दात नोकर आणि व्यावसायिक ह्यांच्या करस्थितीतील मोठे अंतर सामावलेले आहे. नोकराची ही कसोटी १८५३ च्या कायद्यातील. कर्तव्यपालनासाठी घोडा पाळावा लागल्यास त्याचा खर्च मिळण्याची सोय त्यात होती, आणि १९८८ च्या एकत्रीकृत कायद्यातही हा घोडा आपल्या जागी उभाच होता. शिवाय व्यावसायिकाचा कर मागील वर्षाच्या नफ्यावर आकारला जात असल्याने पैसा काही काळ त्याच्याच हाती खेळे. मागील वर्षाचा हा आधार १९९० नंतरच्या दशकात रद्द झाला.

१९४४ साली ‘पे ॲज यू अर्न’ ही पगारातून दर हप्त्यास कर कापण्याची पद्धती ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि दोन अनुसूचींमधील दरी आणखी रुंदावली. तिचे प्रमुख शिल्पकार पॉल चेंबर्स हे त्यापूर्वी हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते, व १९३५-३६ च्या हिंदी प्राप्तिकर चौकशी समितीवरही त्यांनी काम केले होते. पगारातून कर कापून घेण्याची तरतूद हिंदुस्थानच्या १९२२ च्या कायद्यात होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. लंडनमधील सुधारणेमागे दिल्लीचा अनुभव कितपत होता ह्याविषयी नेमके विधान करणे कठीण असले, तरी दोन्ही ठिकाणी एकच माणूस होता ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ह्या पद्धतीने नोकराचा कर त्याच्या हाती पडण्यापूर्वीच तिजोरीत जाऊ लागला, व्यावसायिकाचा मात्र त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रावर अवलंबून राहिला. सरकारच्या दृष्टीने नोकर हा खात्रीचा करदाता ठरला. व्यावसायिक हा प्रामाणिक असला तर करदाता.

नोकर कोण व व्यावसायिक कोण, हे मात्र कोणत्याही वित्त अधिनियमाने सांगितले नाही. ते काम न्यायालयांवर पडले, आणि त्यांनी ‘सेवेचा करार’ व ‘सेवेसाठी करार’ असा भेद केला. ह्या विषयातील पायाभूत समजला जाणारा ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ खटला (निकाल १९६७, प्रसिद्धी १९६८) हा प्राप्तिकराचा नसून राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीचा होता. कंपनीच्या रंगात रंगविलेली, पण चालकाच्या मालकीची लॉरी चालविणारा माणूस कंपनीचा नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, हा त्यातील प्रश्न. न्यायमूर्ती मॅकेन्ना ह्यांनी तीन गोष्टी पाहिल्या : मनुष्य मोबदल्यासाठी स्वतःचे श्रम देण्यास बांधलेला आहे काय, काम कसे करावे ह्याबाबत तो दुसऱ्याच्या पुरेशा नियंत्रणाखाली आहे काय, आणि कराराच्या उर्वरित अटी नोकरीशी सुसंगत आहेत काय. लॉरीवाला स्वतंत्र कंत्राटदार ठरला. पुढे १९९३ साली ‘हॉल विरुद्ध लोरिमर’ ह्या खटल्यात अनेक निर्मात्यांकडे एकेक-दोनदोन दिवस काम करणाऱ्या दूरचित्रवाणी-तंत्रज्ञाबाबत न्यायालयाने स्पष्ट केले की, कसोट्यांची यादी घेऊन खुणा करीत जाण्याने निर्णय होत नाही. सर्व तपशिलांतून उभे राहणारे समग्र चित्र पाहिले पाहिजे. हा विचार न्यायाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु ज्यास आज करार करावयाचा आहे व ज्याच्या कराचा निर्णय पाच-सात वर्षांनी व्हावयाचा आहे, त्याला चित्र पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही.

भारतीय न्यायालयांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला, आणि त्यांनी इंग्रजी निर्णयांचाच आधार घेतला. ‘ध्रांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य’ ह्या खटल्यात मिठागरांवरील अगरियांस सर्वोच्च न्यायालयाने कामगार ठरविले, ते कामाच्या पद्धतीवरील नियंत्रणाची कसोटी लावून. मात्र तो औद्योगिक कायद्याचा प्रश्न होता. प्राप्तिकराच्या क्षेत्रात १९६१ च्या कायद्याखाली हाच वाद कलम १९२ (वेतन) व कलम १९४-जे (व्यावसायिक शुल्क) ह्यांच्यातील निवडीच्या रूपाने येत असे. पुण्यातील रूबी हॉल क्लिनिकशी संलग्न असलेल्या सल्लागार डॉक्टरांना मिळणारी रक्कम वेतन की शुल्क, ह्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय देऊन मालक-नोकर नात्याचा अभाव मान्य केला. तथापि भारतात मध्यस्थ कंपनीचा बुरखा दूर सारून आतील माणसास करापुरता नोकर मानणारा ब्रिटनसारखा स्वतंत्र कायदा झाला नाही. म्हणून ह्या विषयाचा इतिहास मुख्यतः ब्रिटनमध्येच पाहावा लागतो.

त्याचा आरंभ कचेऱ्यांत झाला नाही, बांधकामावर झाला. १९६० नंतरच्या दशकात तेथील इमारत-उद्योगात ‘लम्प’ नावाची पद्धत फोफावली होती. गवंडी वा सुतार स्वतःस स्वतंत्र कंत्राटदार म्हणवून घेई, ठोक रक्कम रोख घेई, आणि कर न भरता दुसऱ्या कामावर निघून जाई. १९६८ साली फेल्प्स ब्राउन समितीने ह्या प्रश्नावर अहवाल दिला. १९७१ च्या वित्त अधिनियमाने प्रमाणपत्र नसलेल्या उपकंत्राटदाराच्या रकमेतून शेकडा ३० कापून घेण्याचा नियम केला. कामगार संघटनांचा रोष निराळ्या कारणासाठी होता : स्वतंत्र कंत्राटदार झालेल्या मजुरास अपघाताची भरपाई नाही, रजा नाही, संघटनेचे संरक्षण नाही. करबुडवेगिरी आणि हक्कांची गळती ह्या दोन गोष्टी एकाच पद्धतीतून उद्भवल्या होत्या. कायद्याने त्यांपैकी पहिली तेवढी हाती घेतली. पुढील सर्व कायद्यांत ही निवड कायम राहिलेली दिसते.

१९७५ साली अर्थमंत्री डेनिस हीली ह्यांच्या कारकिर्दीत त्या वर्षीच्या दुसऱ्या वित्त अधिनियमाचे कलम ३८ संमत झाले. एजन्सीमार्फत दुसऱ्याच्या कामावर पाठविलेली व्यक्ती, तिचे श्रम तिने जातीने द्यावयाचे असून कामाच्या पद्धतीवर देखरेख, निर्देश वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास असेल, तर ती करापुरती नोकर मानावी व एजन्सीने तिच्या मोबदल्यातून कर कापावा, असा त्याचा आशय. नटनट्या व छायाचित्रांसाठी उभ्या राहणाऱ्या मॉडेल ह्यांना वगळले होते. स्वतःच्या घरी बसून काम करणाऱ्यांनाही वगळले होते. हा दुसरा अपवाद त्या काळी निव्वळ तात्त्विक नव्हता. स्टेफनी शर्ली ह्यांनी १९६२ साली अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही संस्था काढली होती, व मुलेबाळे झाल्यामुळे नोकरी सोडाव्या लागलेल्या स्त्रियांकडून ती घरबसल्या संगणक-कार्यक्रम लिहवून घेत असे. घरच्या टेबलावर चालणारे अशा प्रकारचे काम नव्या कलमाच्या कक्षेबाहेर राहिले. ग्राहकाच्या कचेरीत जाऊन बसणारा तज्ज्ञ मात्र तिच्यात सापडला.

परंतु कलमाच्या शब्दरचनेत एक फट होती. ते एजन्सी आणि व्यक्ती ह्यांच्यातील कराराबद्दल बोलत होते. एजन्सीने करार व्यक्तीशी न करता तिच्या मर्यादित कंपनीशी केला, तर कलम लागू होत नसे. कारण कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या भागधारकाहून वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व सालोमन खटल्यापासून (१८९७) दृढ झालेले होते. आपल्यावरील करकपातीची जबाबदारी टाळावयाची तर एजन्सीला एवढेच करावयाचे होते की, कंपनी नसलेल्या तज्ज्ञास काम देऊ नये. एजन्स्यांनी नेमके हेच केले. पुढील दोन दशकांत संगणक व अभियांत्रिकी क्षेत्रात कंत्राटावर काम करू इच्छिणाऱ्यास कंपनी काढणे ही जवळजवळ प्रवेशाची अट होऊन बसली. करखाते पुढे ज्या कंपन्यांकडे बोट दाखवू लागले, त्यांतील पुष्कळशा अशा रीतीने खात्याच्याच कायद्याला वळसा घालण्यासाठी, आणि तेही तज्ज्ञापेक्षा एजन्सीच्या सोयीसाठी, निघालेल्या होत्या.

एकदा कंपनी निघाली की तिचे फायदे ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. संचालक म्हणून थोडा पगार घ्यावा, उरलेला नफा लाभांश म्हणून घ्यावा. लाभांशावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी नाही. १९९९ साली मालकाच्या वर्गणीचा दर ठराविक मर्यादेपुढील पगारावर शेकडा १२.२ होता, लहान कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा दर त्याच वर्षी शेकडा २० झाला. १९९२ पर्यंत खाजगी कंपनीस किमान दोन भागधारक लागत, म्हणून बहुधा पत्नी वा पती दुसरा भागधारक होई. त्यातून लाभांश दोघांत वाटण्याची रीत पडली. ‘आर्क्टिक सिस्टिम्स’ ह्या एका छोट्या सल्लागार कंपनीच्या पतिपत्नींचा ह्याच मुद्द्यावरील लढा थेट लॉर्ड्स सभेपर्यंत गेला, आणि २००७ साली तेथे करखात्याचा पराभव झाला. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे : शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा पगारदार अधिक कर भरीत होता, व त्याची तक्रार अगदी रास्त होती. सर्व तज्ज्ञ अनिच्छेने कंपनीत शिरले असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

अटलांटिकपलीकडे ह्याच सुमारास ह्याच कोड्याचे उत्तर उलट दिशेने गेले. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यातील कलम ५३० ने, व्यक्तीस वाजवी आधारावर स्वतंत्र कंत्राटदार मानणाऱ्या धंद्यास संरक्षण दिले होते. १९८६ च्या कर-सुधारणा अधिनियमातील कलम १७०६ ने ते संरक्षण अभियंते, आरेखक, संगणक-कार्यक्रम लिहिणारे व प्रणाली-विश्लेषक ह्यांच्यापुरते, आणि तेही ते मध्यस्थामार्फत ग्राहकाकडे जात असतील तेव्हाच, काढून घेतले. कलमाने कोणास नोकर ठरविले नव्हते. केवळ छत्र काढून घेतले होते. पण भीती पुरेशी ठरली. दंडाच्या धास्तीने ग्राहक व दलाल संस्था स्वतंत्र तज्ज्ञास टाळू लागल्या, व त्याने मध्यस्थ सल्लागार संस्थेचा पगारदार व्हावे अशी अपेक्षा धरू लागल्या. १९९० च्या आप्रवासन कायद्यानंतर एच-१बी परवान्यावर पुणे-मुंबईहून जे अभियंते तेथे गेले, त्यांतील अनेकजण अशा मध्यस्थ संस्थांचे नोकर म्हणूनच ग्राहकांच्या कचेऱ्यांत दाखल झाले. ब्रिटिश कायद्याने तज्ज्ञास कंपनीचा मालक केले, अमेरिकन कायद्याने मध्यस्थाचा नोकर. दोन्हीकडे ग्राहक होता तेथेच राहिला.

९ मार्च १९९९ रोजी अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन ह्यांच्या अर्थसंकल्पाबरोबर इनलँड रेव्हेन्यू खात्याने जी पत्रके काढली, त्यांतील एकाचा क्रमांक होता आयआर-३५. त्यातच पुढील वादाचे बीज असल्याने तो क्रमांकच कायद्याचे नाव होऊन बसला. शुक्रवारी नोकरी सोडून सोमवारी त्याच टेबलावर ‘सल्लागार’ म्हणून परतणारा मनुष्य त्या पत्रकात रंगविला होता. असा मनुष्य अस्तित्वात होता ह्यात शंका नाही. मात्र वर्षानुवर्षे निरनिराळ्या ग्राहकांकडे हिंडणाऱ्या तज्ज्ञांना त्याच्याच मापाने मोजले गेले. मूळ योजनेनुसार कर कापण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येणार होती. उद्योगसंस्थांनी त्यास विरोध केला, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये सरकारने ती जबाबदारी खुद्द सल्लागार कंपनीवर, म्हणजे व्यवहारातील सर्वांत लहान पक्षावर, ढकलली. ह्या माघारीकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ज्याला कराराचे शब्द ठरविण्याचा अधिकार नव्हता व ग्राहक आणि एजन्सी ह्यांच्यात झालेला करार सहसा पाहावयासही मिळत नव्हता, त्यानेच आपली करस्थिती ठरवावी अशी ही व्यवस्था होती.

६ एप्रिल २००० पासून अमलात आलेल्या ह्या कायद्याचा (वित्त अधिनियम २०००, बारावी अनुसूची) गाभा एका कल्पनेत आहे. मधली एजन्सी व कंपनी नाहीतच असे समजावे. तज्ज्ञाने ग्राहकाशी थेट करार केला असता तर तो कसा असता, ह्याची कल्पना करावी. आणि तो काल्पनिक करार सेवेचा करार ठरत असेल, तर वर्षअखेर कंपनीच्या त्या कामाच्या जमेतून खर्चापोटी शेकडा ५ व इतर मान्य वजावटी काढून उरलेली रक्कम पगार मानून तिच्यावर कर व दोन्ही बाजूंच्या विमा-वर्गण्या घ्याव्यात. न झालेल्या कराराचा अर्थ लावावयाचा, हे काम कोणत्याही न्यायाधीशास अवघडच जावे. ‘ड्रॅगनफ्लाय कन्सल्टन्सी’ ह्या खटल्यात (उच्च न्यायालय, २००८) ही अडचण स्पष्ट दिसते. प्रणाली तपासणारा एक तज्ज्ञ आपल्या कंपनीमार्फत व एजन्सीमार्फत एका मोटार-संघटनेकडे काम करीत होता. एजन्सीबरोबरच्या करारात त्याच्या जागी बदली माणूस पाठविण्याची सोय होती, व तेवढ्यावरून तो नोकर नव्हे असे प्रतिपादन होते. परंतु ग्राहकाच्या बाजूची साक्ष अशी की, बदली माणूस त्यांच्या संमतीशिवाय चालला नसता. कागदावरील हक्क व्यवहारात नव्हता, म्हणून काल्पनिक करारातही तो नाही, असे ठरले व कंपनी हरली. निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु २००० ते २००३ ह्या काळातील करस्थिती कळण्यास २००८ उजाडावे लागले, हेही तितकेच खरे.

कायद्याविरुद्ध तज्ज्ञांनी १९९९ मध्येच ‘प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रूप’ ही संघटना उभारली. एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या, एरवी संघटनेच्या वाऱ्यास न उभे राहणाऱ्या ह्या वर्गाने एकत्र येऊन निधी जमविला, ही त्या काळच्या कामगार-इतिहासातील लक्षणीय घटना होय. त्यांनी युरोपीय कायदा व मालमत्तेचा हक्क ह्यांच्या आधारे कायद्यास आव्हान दिले. एप्रिल २००१ मध्ये उच्च न्यायालयात व डिसेंबरमध्ये अपील न्यायालयात ते फेटाळले गेले. सर्वांत गंभीर आक्षेप मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा होता. ह्या कायद्याने नोकर ठरलेल्या तज्ज्ञास कर नोकराचा लागे, पण पगारी रजा, आजारपणाचे वेतन वा बडतर्फीविरुद्ध संरक्षण ग्राहकाकडून मिळत नसे. कारण ग्राहकाचा नोकर तो करापुरताच होता. ‘लम्प’च्या वेळी कामगार संघटनांनी जो प्रश्न मांडला होता, तो तीस वर्षांनी सुशिक्षित पोशाखात पुन्हा दारी आला.

सरकारचे धोरणही एका दिशेचे नव्हते. एकीकडे एकमाणशी कंपनीवर आयआर-३५ चा बडगा, तर दुसरीकडे त्याच अर्थमंत्र्यांनी २००२ पासून कंपनीच्या पहिल्या १०,००० पौंड नफ्यावरील कर शून्यावर आणला. साहजिकच स्वतंत्र धंदा करणाऱ्या कारागिरांनीही कंपन्या काढल्या. सरकारला २००४ मध्ये वाटप केलेल्या नफ्यावर किमान दर बसवावा लागला, आणि २००६ मध्ये शून्य दर मुळातूनच रद्द करावा लागला. एका हाताने दार उघडे ठेवावे व दुसऱ्या हाताने आत येणाऱ्यास अडवावे, असा हा प्रकार. मार्च २०११ मध्ये कर-सुलभीकरण कार्यालयाने आयआर-३५ स्थगित करणे किंवा त्याची अंमलबजावणी सुधारणे असे पर्याय सुचविले, व सरकारने दुसरा स्वीकारला. लॉर्ड्स सभेच्या समितीने २०१४ साली ह्या विषयावर अहवाल दिला. कायदा रद्द केल्यास वर्षाला सुमारे ५५ कोटी पौंडांचे नुकसान होईल असा करखात्याचा अंदाज होता. त्यातील फार मोठा भाग प्रत्यक्ष वसुलीचा नसून, कायद्याच्या धाकाने लोक जे करीत नाहीत त्याच्या मोलाचा होता. धाकाचे मोजमाप करण्याचे साधन अर्थशास्त्राजवळ फारसे चांगले नाही, एवढे येथे म्हणता येईल.

दरम्यान व्यवहाराने तिसरा आकार घेतला होता. अनेक तज्ज्ञांना एकत्र बांधून चालविलेल्या व्यवस्थापित कंपन्यांवर २००७ च्या वित्त अधिनियमाने बंदोबस्त बसविला. त्यानंतर ‘अंब्रेला’ कंपन्यांचा विस्तार झाला. तज्ज्ञ त्या कंपनीचा रीतसर नोकर होई व कर पगारातून कापला जाई. पण ग्राहकाने दिलेल्या दरातून मालकाची विमा-वर्गणीही अखेर त्याच्याच वाट्यातून जाई, तेव्हा हाती पडणारी रक्कम बरीच घटे. ह्या असंतोषाचा फायदा काही योजनाकारांनी घेतला. पगार नाममात्र द्यावयाचा व उरलेली रक्कम विश्वस्त-निधीमार्फत कधीही न फेडावयाचे ‘कर्ज’ म्हणून द्यावयाची, अशा योजना त्यांनी विकल्या, आणि त्या आयआर-३५ पासून सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. गिऱ्हाइकांत संगणकतज्ज्ञ होते, परिचारिका होत्या, समाजसेवकही होते. २०१७ च्या कायद्याने एप्रिल २०१९ मध्ये न फेडलेल्या सर्व कर्जांवर एकदम कर बसविला, व सुरुवातीस त्याचा आवाका १९९९ पर्यंत मागे नेला. सर एमियस मॉर्स ह्यांच्या अहवालानंतर तो डिसेंबर २०१० पर्यंत आखडला. ज्यांनी योजना विकल्या त्यांतील बहुतेक बाजूला राहिले, व मागणीपत्रे गेली ती कर्जदारांच्या घरी. ह्या प्रकरणातील काही करदात्यांच्या आत्महत्यांची नोंद खुद्द करखात्याने स्वतंत्र चौकशी-मंडळाकडे पाठविली. कर बुडाला होता हे खरे. परंतु ज्या साखळीत ग्राहक, एजन्सी, अंब्रेला कंपनी व योजनाकार असे चार समर्थ पक्ष होते, तिच्यातील पाचव्याकडून सर्व वसूल करणे हे १९९९ च्या माघारीशीच सुसंगत होते.

ती माघार सरकारने पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतली. २०१२ साली सरकारी खात्यांनी आपल्याच पदांचा आढावा घेतला, तेव्हा २,४०० हून अधिक व्यक्ती पगारपत्रकाबाहेरून काम करीत असल्याचे आढळले. एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रात, व महासाथीमुळे वर्षभर लांबून एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खाजगी संस्थांतही, तज्ज्ञाची स्थिती ठरविण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. लहान ग्राहकांपुरती जुनी पद्धत राहिली. बावीस वर्षांपूर्वी भार ग्राहकाच्या बाजूला टाकण्याचा जो विचार सोडून दिला होता, त्याकडे सरकार असे परतले. निर्णय सोपा झाला नाही तो नाहीच. कामगार व निवृत्तिवेतन खात्याने करखात्याचेच साधन वापरून आपल्या कंत्राटी तज्ज्ञांची वर्गवारी केली होती, तरी ती चुकल्याचे ठरून त्याला ८ कोटी ७९ लाख पौंडांचा भार सोसावा लागला. एका सरकारी खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली ही रक्कम कायद्याच्या संदिग्धतेचा उत्तम पुरावा आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वार्टेंग ह्यांनी हे दोन्ही बदल रद्द करण्याची घोषणा केली. १७ ऑक्टोबरला त्यांचे उत्तराधिकारी हंट ह्यांनी ती घोषणाच रद्द केली. चोवीस दिवसांत हजारो करारांची बैठक दोनदा बदलू पाहत होती.

ग्राहक जबाबदार झाल्यावर त्यांतील अनेकांनी १९७५ नंतरच्या एजन्स्यांप्रमाणेच केले : प्रत्येक तज्ज्ञाचा स्वतंत्र विचार करण्यापेक्षा एकमाणशी कंपन्यांना सरसकट नकार दिला, व त्यांना अंब्रेला कंपन्यांकडे वळविले. तेव्हा सरकारची दृष्टी त्या कंपन्यांकडे गेली. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या योजनेनुसार एप्रिल २०२६ पासून, अंब्रेला कंपनीने कापावयाचा कर बुडाल्यास तो भरण्याची जबाबदारी तिला काम देणाऱ्या एजन्सीवर येते, आणि एजन्सी नसेल तेथे अखेरच्या ग्राहकावर. १९७५ च्या कलम ३८ ने जो भार एजन्सीच्या खांद्यावर ठेवला होता, तो एकावन्न वर्षांनी तेथेच येऊन पोहोचला. मधल्या काळात अनुसूचींची जुनी नावे कायद्यातून गेली. मालकाच्या वर्गणीचा दर एप्रिल २०२५ मध्ये शेकडा १५ वर पोहोचला, आणि लाभांशावर ही वर्गणी अद्यापही आकारली जात नाही.